ब्लाऊज सोमवारी

भाऊबीज झाली आणि मी मशीनवर चादर टाकली.
दाराच्या फळीवर खडूनं लिहिलं :
टेलर कबड्डी पाहायला गेले आहेत. ब्लाऊज सोमवारी.
बायको म्हणाली, लोक सुटीत देवाला जातात,
तुम्ही दुसऱ्याची तंगडी कोण ओढते ते पाहायला जाता.
मी म्हणालो, हो.

मांडीवर पिशवी, पिशवीत दहा जर्सी,
जांभळ्या. पाठीवर 'नवयुवक, धामणखेड'.
पोरं टेम्पोनं मागून येणार होती.
नऊ नंबर टाचायचा राहिला होता, तो एस.टी.त टाचला;
उमरेडच्या पुढं एका खड्ड्यात सुई बोटात गेली.
पवनीच्या पुलावर खिडकीशी सरकलो :
बोंडांचा मुलूख मागं राहिला होता,
पलीकडं धान, कापलेला, पेंढ्या बांधलेला,
आणि हवेला भिजल्या गोणपाटाचा वास.

मोहटोल्याला उतरलो तर मंडईची गर्दी.
आमच्याकडं परक्याला विचारतात, कोणाकडं आले?
इथं पानठेल्यावरचा म्हातारा म्हणाला, कोणत्या टीमचे?
'धामणखेड.'
'बापा! लय दुरून आले गा तुमी.'
आणि गोपीचंद नाकाडे नावाच्या माणसानं, ओळख ना पाळख,
भात वाढला, झिंग्याचा रस्सा वाढला, वर विचारलं,
तुमचा चढाईवाला डाव्यानं येते का उजव्यानं?
मी अर्धा तास सांगत होतो. रस्सा निवला.

सातला फोन आला. कुहीजवळ टेम्पोचा पाटा तुटला.
निळूचा आवाज कमी, मागचं भांडण जास्त.
'टेलरकाका, पंचाला म्हणा ना, थांबा थोडं.'
पंच थांबला. पंधरा मिनिटं.
मग समोरच्या संघाचा एक पोरगा
आमच्या रिकाम्या अंगणात दम घेऊन गेला,
कोणालाच न शिवता परत आला,
रेषेची माती कपाळाला लावली आणि जिंकला.
टाळ्या वाजल्या. चुकून मीही एक वाजवली.

बायांच्या फायनलला दोन्ही संघ पिवळ्यात.
पंच म्हणाला, एकानं बदला, नाहीतर खेळवत नाही.
कोरचीकडच्या पोरींकडं दुसरं काहीच नव्हतं,
त्यांची कप्तान, भाग्यरेखा उसेंडी, ओढणीच फाडायला निघाली.
मी पिशवी उघडली.

निळूच्या मापाची जर्सी तिच्या गुडघ्याला आली.
कोणी गाठ मारली, कोणी पिन लावली,
बारीकशी एक तर बाह्यांत हरवूनच गेली.
माइकवाला गोंधळला : कोरचीची चढाई... धामणखेड... कोरची...
आणि मी ओरडत होतो. धामणखेड! धामणखेड!
बाजूचा म्हणाला, पोरी तर कोरचीच्या आहेत ना?
म्हटलं, नंबर पाहा.

नऊ नंबरनं तिघींना एका दमात मारलं.
लोण चढला, उतरला, परत चढला.
शेवटच्या चढाईत नऊ नंबरला मागून धरलं, पाठीतून,
आणि ते कापड ताणलं गेलं, इतकं, की मला
मैदान दिसेना, तीच एक शिवण दिसत होती.
शिवण टिकली.
म्हणूनच ती पकडली गेली.
कच्चा टाका असता तर निसटून रेषेवर गेली असती.
एका गुणानं हरलो.

भाग्यरेखानं जर्सी घडी करून दिल्या, धुवून देते म्हणाली.
मी म्हटलं, राहू दे.

पहाटे टेम्पो आला. पोरं हातपाय ताणत उतरली,
ग्रीसनं माखलेली, उपाशी, कोणी कोणाकडं पाहत नव्हतं.
निळूनं पिशवीत हात घातला. काढला. बोटाला लाल माती.
'काका, ह्या तर नव्या होत्या.'
'खेळल्या काल.'
'मंग? काय झालं?'
नाकाड्यांच्या अंगणात चूल पेटत होती,
सतरा माणसांचे पोहे भिजत होते.
'सांगतो,' म्हटलं, 'आधी चहा घ्या.
आपला नऊ नंबर, बापू, काय खेळला.'